तीन खेळांची आत्या

आत्याला कुणी विचारलं, "सध्या काय चाललंय?" तर ती सरळ सांगायची, "एका ठिकाणी कापणी आलीय, एका ठिकाणी चौघांचा जीव माझ्या हातात आहे, आणि एका ठिकाणी गडाचा दरवाजा राखायचाय. शिवाय एका वकिलांचे वरचे दात संध्याकाळपर्यंत द्यायचेत." विचारणारा हसायचा. बाईला थट्टा करायची सवय आहे असं म्हणून पुढे जायचा. पण थट्टा त्यात कणभरही नसायची.

दातांचं आधी सांगायला हवं, कारण पोट त्यावर होतं. आत्या कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि मागच्या खोलीत खिडकीखालच्या ओट्यावर आत्या त्यात प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, साचा गरम पाण्यात ठेवायची, शेवटी घासूनपुसून चकचकीत करायची. हे काम घाई केलेली खपवून घेत नाही. प्लास्टर त्याच्या मर्जीने आळतं. पाण्यातला साचा वेळेआधी काढला तर कवळीत बुडबुडे राहतात, आणि मग ती लावणारा माणूस जेवताना कुणाकुणाचा उद्धार करतो ते देवच ऐकतो. त्यामुळे कवळीवाल्याचा निम्मा जन्म वाट बघण्यात जातो.

भावाची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर आत्याच्या खोलीत ठेवून गेली. "तुझं ते प्लास्टर वाळेपर्यंत भिंतीकडे काय बघत बसतेस? हा एक खेळ लावून देते," म्हणाली. तिने एक लावून दिला. बाकीचे दोन आत्याने स्वतः शोधले.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांनी एवढंच समजावं की तिथे एक रचलेलं जग असतं. त्यात आपण एक नाव घ्यायचं, एक देह घ्यायचा आणि रोज थोडं थोडं वाढायचं. इकडची तिकडची हजारो माणसं त्याच जगात आपापल्या घरून आलेली असतात. आज लावलेलं झाड उद्या तिथेच असतं, आणि चार दिवस गेलं नाही तर वाळून जातं. आत्याचा जीव जडला तो ह्यावरच. जे काम उद्यापर्यंत टिकतं त्याचा तिला पहिल्यापासून आदर.

पहिल्या खेळात तिची शेती होती, फळबाग होती आणि नदीकाठी मध विकायचं दुकान होतं. दुसऱ्यात ती वैदू. चौघं लढवय्ये पुढे आणि ही मागे मलम घेऊन; कुणाची जीव दाखवणारी लाल पट्टी खाली आली की हिने तीन नंबरचं बटण दाबायचं, चौघांच्याही जखमा भरायच्या. तिसरा गडांचा खेळ. तिथे मोठी टोळी, टोळीला सरदार, आणि आत्याकडे मुख्य दरवाजा. हा दरवाजा तिने स्वतः घडवला होता. डोंगरातून लोखंड आणून, पत्रा पत्रा जोडून. त्या जगात तो दरवाजा कुणाचा हे विचारलं की शत्रूसुद्धा म्हणायचे, "आत्याचा." हो, तिथेही ती आत्याच. भाचीने नाव टाकताना हेच टाकलं होतं. मोटार शिकवणारा सरदार, दूरच्या गावातली कुणी तरणी आई, सगळे तिला आत्या म्हणत.

तीन जगं एकदम सांभाळायची म्हणजे काय, हे गृहिणीला वेगळं समजावायला नको. एका शेगडीवर उकळतंय, एकीवर मंद आहे, एकीवर आत्ता ठेवलंय. तिन्हींना सारखा जाळ दिला तर दोन करपतात आणि एक कच्चं राहतं. सकाळी प्रार्थना उरकली की प्लास्टर ओतायचं आणि ते आळेपर्यंत शेती. दुपारी साचा गरम पाण्यात गेला की वैदूचं काम. गडावर लढाया संध्याकाळच्या, तोवर ओटा पुसून झालेला असायचा. बाग फुलात असली की वैदू दोन दिवस मागे पडायची, गडावर वेढा असला की बाग तणाने भरायची. आत्याला त्याचं दुःख नव्हतं. "पुढे कोण गेलं ते बघत बसले तर माझी तिन्हीही लेकरं उपाशी," ती म्हणायची.

आणि एक नियम होता. एका खेळातून उठून दुसऱ्यात जाताना ती मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची. कवळ्यांची सवयच ती. एका रोग्याचं काम खाली ठेवल्याशिवाय दुसऱ्याचं हातात घ्यायचं नाही, नाहीतर ह्याचे दात त्याच्या तोंडात जायचे. हात धुतले की बोटं आधीचं विसरतात, असा तिचा पक्का समज होता. भावजय गंमत करायची, "वन्सं, खेळाचा पण चिकटा लागतो का हो?"

"लागतो तर. तुला दिसत नाही एवढंच."

ज्या दिवशी पुढचं सगळं घडलं त्या दिवशी दुपारची वैदूगिरी लांबली होती. चौघं एका गुहेत अडकले होते, त्यांना टाकून उठणं शक्य नव्हतं. ते सुटले तेव्हा गडावर वेढा पडायची वेळ झालेली. आत्या हात धुवायला उठणार तोच धाकटा भाऊ दारात उभा.

"ताई, जरा बोलायचंय."

"नंतर बोल."

"तुझं नंतर कधी येतच नाही. अगं, समोरच्या बाई विचारत होत्या, तुमच्या ताई दिवसभर कुणाशी बोलतात? लोकांना काय सांगू? ह्या वयात माणसं देवाधर्माला लागतात."

"देवाला मी सकाळ दिलीय. त्याने अजून तक्रार केलेली नाही. तू कुणाच्या वतीने आलायस?"

भावाने समजुतीचा सूर लावला. "मी बंद कर म्हणतच नाहीये. एक ठेव. तीन कशाला हवेत? तीनपैकी एक ठेव, बाकीचे सोड. काय वाईट आहे?"

"तू वर्तमानपत्र वाचतोस, बागेत फिरतोस, आणि शेजाऱ्याशी तास तास पत्ते कुटतोस. ह्यातलं एक ठेव. मग ये."

"ते वेगळं!"

"असणारच. ते तुझं आहे."

भाऊ फणकारत गेला. आत्याच्या कानशिलात रक्त उसळत होतं. तिकडे वेढ्याची शिंगं वाजायला लागली होती. ती तशीच, त्याच तापल्या डोक्याने आणि त्याच हातांनी गडावर गेली.

दरवाजाबाहेर टोळीतली ती तरणी आई लढत होती. तिला सगळे मिरची म्हणत. ती बोलायची तशीच आणि लढायचीही तशीच. शत्रूने तिला घेरलं. तिची लाल पट्टी झरझर खाली आली. आत्याने ती पट्टी पाहिली आणि दुपारभर जे केलं तेच बोटांनी केलं. तीन नंबर.

वैदूच्या खेळात तीन म्हणजे मलम. गडावर तीन म्हणजे दरवाजा उघड.

कुरकुरत दोन्ही फळ्या सताड उघडल्या. शत्रूलाही क्षणभर खरं वाटेना. ते उंबऱ्यावर असे थबकले, जसे पाहुणे चपला कुठे काढू विचारतात. मग मात्र आत घुसले आणि संध्याकाळ संपायच्या आत गड गेला.

दुसऱ्या दिवशी टोळी खेळातल्या माळावर जमली. सगळे आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसले होते. सभा सुरू व्हायच्या आधी मिरचीने आत्याला गुपचूप निरोप टाकला, "नेट गेलं म्हणा. स्क्रीन अडकली म्हणा. कुणाला कळणारे?"

आत्याने उलट लिहिलं, "मला कळेल. आणि सकाळी ज्याच्यासमोर डोळे मिटते त्यालाही."

सरदार बोलायला लागला. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर लोकांना ब्रेक दाबा, आरशात बघा सांगून त्याचा आवाज तसाच झाला होता. "आत्या, काल काय झालं?"

"मी दरवाजा उघडला. दुसऱ्या खेळातल्या बटणाची सवय हाताला होती. चूक माझी."

एवढं सरळ उत्तर त्याला अपेक्षित नसावं. "म्हणजे... तुम्ही अजून दुसरेही खेळ खेळता?"

"आणखी दोन. पहिल्यापासून. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

कुणीतरी म्हणालं, "मग गड जाणारच!"

"हेच," सरदार म्हणाला. "एका वेळी माणसाने एकच गाडी चालवावी, आत्या. तीनपैकी एक ठेवा. आमच्याकडे राहायचं तर बाकीचे दोन बंद. तुमचा दरवाजा तुम्हाला परत. गड आपण महिनाभरात घेऊच."

कालचेच शब्द, फक्त तोंड वेगळं. आत्याला हसूच आलं.

"तुमच्याकडे मोटार शिकणारे घरी जाऊन सायकल चालवत नाहीत का हो?"

दोघेतिघे फिस्सकन हसले. सरदार हसला नाही. "विषय गंभीर आहे."

"मग गंभीरपणे सांगते. शिक्षा द्या. खंदक खणायला लावा, दगड वाहायला लावा, वर्षभर वाहीन, हूं की चूं करणार नाही. पण माझ्या बागेला आणि माझ्या चौघांना मी सोडणार नाही. दरवाजा त्यांच्यामुळे नाही उघडला. मी हात न धुता येऊन बसले म्हणून उघडला."

"हात? आत्या, इथे कुणी जेवायला बसलं नव्हतं," पुन्हा तोच मागचा आवाज. ह्या वेळी हशा मोठा झाला. आत्याने तो संपू दिला.

"टोळी म्हणजे निष्ठा असते," सरदार म्हणाला.

"निष्ठा मी देवाच्या पायाशी ठेवलीय, ती तिथून उचलून आणणार नाही. तुम्हाला मी वेळ देते, कष्ट देते आणि खरं बोलते. तेवढ्यात तुमचं भागत नसेल तर राहू द्या."

"मग तुम्हाला टोळी सोडावी लागेल."

"हो ना. तेच म्हणतेय."

टोळी सोडायची म्हणजे टोळीचं सगळं ठेवून जायचं. चिलखत, ढाल, घोडा, पदाचा लाल पट्टा. आत्याने एकेक वस्तू माळावर उतरवून ठेवली. अंगात साधा सदरा राहिला, नवशिक्याला पहिल्या दिवशी मिळतो तसा. गड परत घेतला तरी त्या लोखंडी दरवाजावर आता तिचा हात पडणार नव्हता. तिने एकदा वळून पाहिलं. उठून मोरीवर जाऊन हात धुतले. मग बागेत जाऊन पेरू उतरवले. ते पिकले होते. त्यांना आत्याच्या मानापमानाशी काही देणंघेणं नव्हतं.

तिसरा खेळ ती सोडेल असं सगळ्यांनाच वाटलं होतं. तिला स्वतःलाही एक-दोन संध्याकाळी वाटलं. मग एकदा ती त्या साध्या सदऱ्यात नदीच्या वळणावर गेली. एकट्या माणसाला तिथे चार खांब रोवायची मुभा असते. तिने लाकडं तोडून आणली आणि खांब रोवले. दुसऱ्या दिवशी कुंपण घातलं. रानडुकरांनी ते पाडलं, तिने पुन्हा घातलं. लोखंडाचे पत्रे बडवणाऱ्या हातांना लाकूड म्हणजे हलकंच काम.

कुंपण पुरं होत असताना मिरची येऊन उभी राहिली. तिच्याही अंगात साधाच सदरा.

"तुला पण काढलं?"

"मीच निघाले. सरदार म्हणे रोज हजेरी लाव. म्हटलं, बाळ झोपलं की येते, तुम्हीच सांगा त्याला वेळेवर झोपायला. इथे काय नियम आहेत, आत्या?"

आत्याने विचार केला. "जाताना सांगून जायचं. कुठे जातेस ते विचारणार नाही."

"बस? एवढंच?"

"आणि चुकलीस तर चुकले म्हणायचं."

मग बदलत्या पाळीचा एक बसवाला आला. पुढे परीक्षेतून उठून येणारे, आजारी आईजवळ बसून येणारे, आणखी दोन-तीन खेळ उराशी बाळगणारे असे कुणी कुणी येत गेले. सगळे एका वेळी कधीच नसायचे, पण कुंपणावर कुणी ना कुणी असायचंच. त्या लाकडी आवाराला ते आपसांत गड म्हणत आणि म्हणताना हसत.

एका संध्याकाळी सरदार स्वतः घोड्यावरून कुंपणापाशी आला. गड त्यांना परत मिळाला होता.

"आत्या, तुमचा दरवाजा कुणाला नीट लावता येत नाही. परत या. सगळं विसरून जाऊ. फक्त ते तेवढं..."

"तेवढंच जमणार नाही," आत्या म्हणाली. "उजवीकडची बिजागरी वर उचलून लावायची असते, त्यांना सांगा. आणि आलाच आहात तर आत या, बसा."

तो आत आला नाही. पण बिजागरीचं त्याने दोनदा विचारून घेतलं.

त्याच रात्री जेवताना भावाने विषय काढला. गड गेल्याचं आणि टोळी सुटल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. भाचीने फोनवर सांगितलं असावं. आवाजात जिंकल्याचा सूर होता. "मग ताई, आता तरी दोनच राहिले ना? म्हटलं होतं मी, आपोआप कमी होतील."

"तीनच आहेत," आत्या भात कालवत म्हणाली. "तिसऱ्यात आता टोळी माझी स्वतःची आहे. लोक दमूनभागून येतात, त्यांना वेळेवर कुणीतरी भेटायला हवं. तेव्हा उद्यापासून जेवण जरा अलीकडे घेऊ."

भावाने आधाराला बायकोकडे पाहिलं.

"आठाला वाढीन," भावजय म्हणाली. "पण आठ म्हणजे आठ हं, वन्सं. टोळी असो नाहीतर फौज, मी ताट झाकून ठेवणार नाही."

"पावणेआठ कर," आत्या म्हणाली.