दादानं न शिवलेली सलवार

त्या दिवशी आमच्या दादानं, माह्या थोरल्या भावानं, कापड हाती घेतलं अन् तसंच परत भार्गवीच्या पिशवीत कोंबलं. भार्गवी म्हणजे माही सून. तिले तीन वर्षाच्या शरयूसाठी, माह्या नातीसाठी, लग्नात घालाले सलवार पाह्यजे होती.

"मोठे मामाजी, घेर मागच्यासारखाच ठेवजा."

"नाही शिवत. पह्यले दवाखान्यात न्या पोरीले. पाय वाकून राह्यले तिचे."

"उशिरा चालली ना, म्हणून. होते सरळ."

"उशिरा चालली, तेच तर सांगतो बाई! मनगटं पाह्य ना केवढी जाड. जरा चालली का पाय दुखते म्हणून बसते. लहान लेकराचे पाय थोडे वाकडे राह्यतेत, पण हे कमी होऊन नाही राह्यले, वाढून राह्यले."

भार्गवी रागानं निंगून गेली.

शालिग्राम दादा पिंपळगाव राजात पोरपणापासून शिलाई करे. मोठा गमत्या. नारायणरावाचं पोट मोजताना ओरडे, "तू माणूस हाय का मंडप बे?" पण कापड असं कापे का ते पोट कोणाले दिसू नये. कोणाचा खांदा उतरला, कोणाची पाठ वाकली, सारं झाकून दे.

शरयूचे पाय बी त्यालेच पह्यले दिसले. टाचा जुळवल्या तरी गुडघ्यामंधी त्याची मूठ जाये. पोरीची जात, लोक नावं ठेवतीन, म्हणून त्यानं घेरदार सलवारी शिवल्या. अन् काळी पडन म्हणून घरच्यांनी तिले कधी उन्हात काढलं नाही.

"मीच झाकलं बे," त्या दिवशी मले म्हणे. "कापडानं हाड सरळ होते का?"

दुपारी त्याच्या छातीत कळ आली. खामगावले नेता नेता गेला. मशीनवर अजून कोणाचा तरी अर्धा सदरा हाय, मले तिकडं पाहवत नाही.

तेरवीच्या आधी माह्या पोरानं, हर्षलनं, शरयूले डॉक्टरले दाखवलं. एक्सरे काढला, रक्त तपासलं. व्हिटामिन डी कमी हाय म्हणे, हाडं नरम पडली. औषध द्या, उन्हात खेळू द्या, लवकर आणलं तं सरळ व्हायची आशा हाय.

तेरवीले भार्गवीनं पोरीले फ्रॉक घातला. शेजारची चांगुणाबाई मांडवात सगळ्यायसमोर बोलली, "अवं, पोरीचे पाय काऊन असे?"

मले वाटलं, आता भार्गवी लेकराले आत नेते.

ती म्हणे, "व्हिटामिन कमी हाय. औषध सुरू हाय."

मंग चांगुणाबाईनं पंगतीतल्या नातवाले हाक मारली, "इकडं ये रे," अन् त्याचा पायजमा वर करून गुडघे पाहू लागली.