भाऊंच्या डब्यातली चिठ्ठी

माघ पौर्णिमेनंतरचा रविवार, सकाळी दहा, नालवाडी. हजर : शांतावहिनी, गोवर्धन मास्तर, ऑटोवाले प्रभाकर आणि मी. गैरहजर : धनराजभाऊ. हे मी सवयीनं बैठकीच्या वहीत लिहून गेले आणि मग पेन खाली ठेवलं. भाऊंना जाऊन तीन आठवडे झाले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही पार पडला होता.

पुलगावच्या डेपोतून निवृत्त झाल्यावर भाऊंनी आम्हा शेजाऱ्यांना म्युच्युअल फंडात दरमहा थोडे पैसे गुंतवायला शिकवलं. महिन्यातून एक रविवार त्यांच्या घरी जमायचं, वहिनींच्या हातचे तर्री-पोहे खायचे आणि बोलायचं. बाजार चढत होता तोवर आम्ही सगळेच हुशार होतो. दिवाळीच्या आधी तो घसरायला लागला आणि थांबेना, तेव्हा भाऊंनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मधे आणून ठेवला. ज्याला पैसे काढायचे असतील त्यानं कारण कागदावर लिहायचं, वर नाव घालून डब्यात टाकायचं. पुढच्या महिन्यात आपली चिठ्ठी आपणच मोठ्यानं वाचायची, मग ठरवायचं.

पहिली चिठ्ठी माझी. लेकीच्या कॉलेजसाठी साठवलेले पैसे रोज आटताना दिसत होते. मी वाचलं, "रोज कमी होतंय. दिवसातून पाचदा बघते. कशात लक्ष लागत नाही."

भाऊंनी पोह्यांवर आणखी तर्री घेतली. "पोरीले पैसे कवा लागतीन?"

"पाच वर्षांनी."

"सुनंदा, तू तं भाजीचीबी यादी करते. तुह्या यादीत बाजार पाहाचं काम लिवलं हाय का?"

"नाही."

"मंग यादीत नाई ते काम पाचदा काऊन करून राह्यली?"

सगळे हसले. मीही हसले आणि चिठ्ठी फाडली. मास्तरांच्या चिठ्ठीत डोळ्याच्या ऑपरेशनचं कारण होतं. ती ऐकताच भाऊ म्हणाले, "हे कारन खरं हाय. उद्याच काढा, मास्तर. बाजार वर जाईन तवा पाहाले डोये तं पायजे." बाजार वर कधी जाईल, हे मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. प्रभाकर खोदून विचारायचे, तेव्हा म्हणायचे, "जाईन ना... पन मले इचारून नाई."

आणि एका दुपारी ऑफिसात वहिनींचा फोन आला. हृदयविकाराचा झटका... दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माघ पौर्णिमेनंतरच्या त्या रविवारी डबा आवरायला घेतला, तर तळाशी एक चिठ्ठी निघाली. वर भाऊंच्या अक्षरात भाऊंचंच नाव. प्रभाकर हळूच म्हणाले, "म्हंजे भाऊबी भेले होते का?" मास्तरांनी हात पुढे केला, पण वहिनींनी डबा आपल्याकडे ओढला. "ज्याची चिठ्ठी त्यानंच वाचाची. नियम त्याहिचाच हाय." मग बोलल्या, "दोन महिने धड जेवले नाई ते. तुमी आले का मात्र दोनदा पोहे घेत."

माझ्या पर्समध्ये तेव्हा माझी दुसरी चिठ्ठी होती : भाऊ नाहीत, आता धीर कोण देणार, काढून घेते. भाऊंना भीती वाटतच नसेल असं मी धरून चालले होते. त्यांना वाटत होती. तरी त्यांनी ती लिहून डब्यात टाकली आणि आमच्यासारखंच महिनाभर थांबायचं ठरवलं. मी माझी चिठ्ठी त्यांच्या चिठ्ठीवर ठेवली आणि झाकण लावलं.

परवाच्या रविवारी माझी चिठ्ठी वाचली आणि फाडली. बाजार अजून खालीच आहे. लेकीसाठीचा हप्ता फंडात भरला. वहिनींना पोहे आणि शेंगदाणे पोहोचवले, मास्तरांच्या डोळ्याचे थेंब आणले. यादीत प्रत्येक ओळीपुढे खूण झाली आहे. फक्त 'भाऊंची चिठ्ठी वाचणे' ही ओळ मी पुढच्या महिन्याच्या कागदावर उतरवून घेतली आहे.