मागच्या भिंतीवरची नदी

दुपारी मी मटार सोलत बसले होते. माझी मुलगी मुक्ता आणि तिचा मित्र साहिल लॅपटॉपवर एकच मुलाखत पुन्हा पुन्हा बघत होते. अजून न आलेल्या एका गेमची. गेम बनवणारा माणूस जीव तोडून बोलत होता आणि यांचं लक्ष त्याच्या मागच्या भिंतीवरच्या, गेममधल्याच एका चित्राकडे. धुक्यातली नदी, पलीकडे गाव.

"त्या गावात जाता येईल का, असं मुलाखतीत विचारलं, तर नुसता हसला," साहिल म्हणाला.

"हसला म्हणजे येणार," मुक्ता म्हणाली.

मला आधी वैतागच आला. अजून धड तयारही न झालेल्या गावावरून कसले वाद घालता? पण हात मटार सोलत राहिले आणि मीच कधी त्या धुक्यात शिरले कळलं नाही. तिथे संध्याकाळी दिवे लागत असतील का? चुलींचा धूर पाण्यावर उतरत असेल का? गेम आला की घरं ठरतील, माणसं ठरतील, रस्ते कुठेतरी संपतील. आत्ता मात्र ते गाव आपल्याला हवं तेवढं मोठं होतं.

"आई, तू त्यात कोण झाली असतीस?" मुक्ताने विचारलं. "गेममध्ये आधी तेच ठरवावं लागतं."

हे मला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"होडीवाली," मी म्हणाले.

वाटलं, हसतील. पण मुक्ताने मुलाखत मागे नेली आणि दोघंही त्या चित्रात, काठाला कुठे होडी दिसते का, ते शोधू लागली.