बासष्टपासून खाली

माणसाचा प्राण गेला की त्याच्या शरीरातलं सगळं कामकाज कायमचं थांबतं – यकृतासकट. हे विज्ञानाचं अंतिम वाक्य आहे. मी ते एका सेमिनारमध्ये गंभीर आवाजात उच्चारलंही आहे. समोरचे लोक तेव्हा चहाच्या ट्रॉलीकडे बघत होते. आता त्या वाक्याची मला पूर्वीइतकी खात्री राहिलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

आधीच सांगतो, भूतखेत, संकेत, स्वप्नात येऊन निरोप देणं यातलं मी काहीही मानत नाही. चंदीगडला सेक्टर तीसमध्ये मोजमापाची यंत्रं तपासण्याची नोकरी करतो. यंत्र विचित्र वागायला लागलं तर आम्ही आधी बॅटरी बघतो. तेव्हा वाचकांनी प्रतिक्रियांमध्ये मला शांती वगैरे सुचवू नये, ही विनंती.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्याला परत न जाता चंदीगडला लागूनच असलेल्या मुल्लानपूरच्या एका नव्या टॉवरमध्ये दहाव्या मजल्यावर राहिले. त्यांचं सगळंच रुबाबात. दुधाची पिशवी आणायलासुद्धा इस्त्रीची पँट. निवृत्तीला मी त्यांना श्वासातून दारू मोजणारं मशीन भेट दिलं होतं, पोलिसांकडे असतं तसंच. पांढऱ्या नळीत काही सेकंद न थांबता फुंकायचं. आतला छोटा पंप ‘टक्’ करतो आणि शंभर मिली रक्तात किती मिलिग्रॅम अल्कोहोल आहे तो आकडा दिसतो. तीसच्या वर गेला की गाडी चालवणं गुन्हा. कोणी नीट फुंकलं नाही तर मशीन आकडा देतच नाही.

दाजींनी त्याचा पार्टीतला खेळ केला. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्याला टाळ्या. सकाळी मात्र ते मशीन कधी कोणी हातात घेतलं नाही. झोप झाली की उतरली, अशी त्या मंडळींची ठाम समजूत. यात दोन डॉक्टरही होते.

गेल्या वर्षी ताई माहेरपण करून साताऱ्याहून परत येत होती. सकाळी लवकर ट्रेन पोचणार होती. आदल्या रात्री शेजारच्या ढिल्लों साहेबांकडे पार्टी झालेली. ताईने ट्रेनमधूनच दाजींना फोन केला.

“अहो, मी टॅक्सी करून येते. तुमचं काल जागरण झालंय.”

“कर्नलची बायको टॅक्सीने येणार? काहीतरीच. आणि दोनच ग्लास घेतले मी. झोप झाली, आंघोळ झाली, चहा झाला. निघालोच.”

मुल्लानपूरच्या नव्या रस्त्याकडेला वाळूची एक ट्रॉली उभी होती. लख्ख उजेड, रस्ता मोकळा. दाजींची गाडी मागून तिच्यावर आदळली. दाजी जागीच गेले. दुसऱ्या कोणाला खरचटलंही नाही. ताई प्लॅटफॉर्मवर दोन बॅगा आणि कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती. तिला आणायला शेवटी मी गेलो.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकडा आला – बासष्ट.

मग लिफ्टमधल्या बायका ताईला बघून गप्प व्हायला लागल्या. “सवेरे-सवेरे ही शुरू हो गए थे जी,” असं कोणीतरी म्हणालं, तेही तिच्यापर्यंत पोचलं. नवरा गेल्याचं दुःख करायला बिचारीला सवडच मिळाली नाही. त्याच्या आधी हा प्रश्न येऊन बसला.

“विन्या, माझ्याशी बोलत होते तेव्हा हातात ग्लास होता का रे त्यांच्या? आयुष्यभर माझ्याशी खोटं बोलले नाहीत. मग शेवटचंच बोलणं खोटं?”

मी समजावलं. लिव्हर आपल्या गतीने काम करतं, तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅमने आकडा खाली येतो. झोप, चहा, थंड पाण्याची आंघोळ – कशानेही त्याला घाई करता येत नाही. रात्रीची दारू सकाळी रक्तात असू शकते.

“दोन ग्लासांची सकाळपर्यंत बासष्ट उरते?”

उरत नाही. ते गणित मलाही येत होतं… मी चहाचे कप उचलून आत ठेवायला निघालो. ती म्हणाली, “बघ. तूही तेच समजतोस.”

वर्षभर हे असंच चाललं.

मग वर्षश्राद्ध आलं. इथे मराठी गुरुजी मिळेनात म्हणून साताऱ्याचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर. फोन तांब्याला टेकवून उभा केलेला. फोटोपुढे ताईने दाजींच्या वस्तू मांडल्या: चष्मा, पाकीट, परेडची छडी आणि ते मशीन. गॅलरीत पान ठेवलं. “कावळा आला का?” गुरुजी फोनमधून विचारत होते. मुल्लानपूरच्या टॉवर्समध्ये कबुतरं भरपूर. कावळ्यांनी अजून पझेशन घेतलेलं नाही.

आणि फोटोपुढे ‘टक्’ झालं.

मशीनवर आकडा होता – बासष्ट.

माझी भाची ऋचा मराठी सगळं समजते, बोलते हिंदीत. “मामा, बैटरी चेक करो ना.” मी नवीन बॅटरी घातली. मी फुंकलं, शून्य. ऋचा, शून्य. ताई, शून्य. गुरुजी साताऱ्यात असल्याने त्यांची तपासणी शक्य नव्हती. उदबत्ती विझवली, सॅनिटायझरची बाटली बाहेर नेली, मशीन उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. गुरुजींचं पुढे सुरू झालं. तासाभराने पुन्हा ‘टक्’. जवळ कोणी नाही.

सत्तेचाळीस.

मी नळी काढून उजेडात धरली. आतून वाफ धरली होती, कोणीतरी नुकतंच फुंकल्यासारखी. ती पुसून, अगदी जपून परत बसवली, हे कबूल करतो. त्याचं कारण काय, ते मात्र कबूल करणार नाही.

आणखी तासाभराने ढिल्लों साहेब आले. वर्षभर ते ताईसमोर येणं टाळत होते. हातात फळांची पिशवी. टेबलाशी बसले, मशीनकडे बघितलं. त्यांच्यासमोर मशीन पुन्हा वाजलं. अठ्ठावीस.

“ये… ये नीचे आ रहा है?” त्यांनी मला विचारलं.

“हां जी. जैसे किसी की उतर रही हो.”

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मलाच ते ऐकवेना.

ढिल्लों साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे ओढला आणि तळापासून वर चार बोटं आडवी लावली. “भाभी जी, हमारे घर पेग ऐसे डलता है. पटियाला. और आपके कर्नल साब का गिलास मैंने खाली होने ही नहीं दिया. आधा हुआ नहीं कि फिर भर दिया. गिलास उसने दो ही गिने थे. झूठ नहीं बोला यार मेरा.” आणि एवढा मोठा माणूस पगडीसकट टेबलावर वाकून रडायला लागला.

दाजी जन्मभर सैन्याच्या मेसमध्ये प्यायले. तिथे मापाने ओततात, ग्लास मोजला की हिशोब झाला. ते इथेही ग्लासच मोजत राहिले.

“म्हणजे दोनच,” ताई म्हणाली. तिने ढिल्लों साहेबांना पाणी दिलं, त्याच ग्लासात. मग फोटोकडे वळली. तिचा आवाज अगदी रोजचा होता, भाजीत मीठ कमी झाल्यावर असतो तसा. “अहो, नाश्ता करून निघाला असता तरी चाललं असतं की. मी थांबले असते ना स्टेशनवर. पेढे होते माझ्याजवळ.”

आणि ती वर्षभरात पहिल्यांदा मोकळी रडली. ऋचा तिला धरून “आई… आई” एवढंच म्हणत होती. तो शब्द तिला मराठीत येतो.

पानं वाढली तेव्हा मशीन शेवटचं वाजलं. शून्य.

नंतर मी ते उघडून तपासलं. ज्या वायूत अल्कोहोलचं प्रमाण ठाऊक असतं, तो सोडून आम्ही अशा यंत्राची परीक्षा घेतो. त्यात ते पास झालं, दोन वेळा. पंप फुंकल्याशिवाय चालत नाही, आणि तो चालला. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पुन्हा ते आपणहून कधी वाजलेलं नाही. ताई आता लिफ्टमध्ये मान वर करून उभी राहते.

मशीन तिने परत फोटोपुढे, पाकिटाशेजारी ठेवलंय. कायद्याच्या दृष्टीने बघितलं तर त्या दुपारपासून दाजी गाडी चालवू शकतात. पाकिटातल्या लायसन्सची मुदत मात्र मार्चमध्येच संपली.