हिराओंची भीड

ओकिनोउरा गावाच्या नगरकचेरीत हिराओ कात्सुझोंना काम एकच होतं: भूकंपाचं भाकीत करणाऱ्या यंत्रासमोर बसायचं. जुन्या धक्क्यांच्या नोंदी शिकून तयार झालेलं ते यंत्र समुद्रतळाची कुरबूर ऐकत राही आणि धोका वाटला की त्याचा पडदा लाल होई. भोंगा वाजवायचा की नाही, हे मात्र हिराओंच्या हातात ठेवलं होतं. यंत्रापेक्षा माणूस शहाणा, असं ठरवणारे हिराओंना ओळखत नसावेत.

कारण हा माणूस भिडेचा. गर्दीत दुसऱ्याने यांच्या पायावर पाय दिला, तर माफी हेच मागायचे.

पहिल्यांदा भोंगा वाजवला तो शाळेच्या खेळांच्या दिवशी. अख्खं गाव पावसात टेकडीवर जाऊन बसलं, भाताचे डबे भिजले, म्हातारी माणसं शिंकत राहिली आणि जमीन काही हलली नाही. अशा फुकट गेलेल्या इशाऱ्याला तिथे 'काराबुरी' म्हणतात. बेसबॉलची बॅट हवेत फिरते आणि चेंडू निसटतो, तसं. कुणी तक्रार केली नाही. तरी हिराओ मिठाईचे खोके घेऊन घरोघर कमरेत वाकून आले.

"भूकंप इतका गोड असतो होय!" म्हातारा कोळी माकिझो म्हणाला. "महिन्याला एक होऊ द्या की, हिराओसान."

"गप बसा हो," म्हणत त्याची बायको तात्सुएने त्याला कोपराने ढोसलं. पण तो विनोद गावभर झाला आणि हिराओंचा जीव लाजेने अर्धा झाला.

वसंतात माकिझोच्या सत्त्याहत्तरीची मेजवानी होती, किनाऱ्यावरच्या जुन्या सभागृहात. तिकडे पेले भरायची वेळ झाली आणि इकडे पडदा लाल झाला. हिराओंचा हात बटणाकडे गेला, थांबला. आज? म्हाताऱ्याच्या ओठाशी आलेला पेला खाली ठेवायला लावायचा? आणि पुन्हा काराबुरी झाली तर? त्यांनी वेधशाळेला फोन लावला.

"आमच्याकडे काही दिसत नाही," उत्तर आलं. "बघा, निर्णय तुमचा."

एवढा एक पेला होऊ दे, मग वाजवू, असं त्यांनी ठरवलं.

पेला व्हायच्या आत जमीन उसळली. सभागृहाचं कौलारू छप्पर माणसांवर कोसळलं. तात्सुए ताटं आणायला अंगणात गेली होती म्हणून वाचली. माकिझो गेला.

चौकशी झाली. यंत्र आधी चुकलं होतं, तेव्हा थांबणं रास्तच होतं, असं सगळे म्हणाले. त्या रास्तपणाने हिराओंची झोप उडाली. कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती, अगदी मनापासून. ती तात्सुए मारेल या आशेने ते तिच्या दारी गेले आणि चटईला कपाळ टेकून स्वतःच्या तोंडाने सांगितलं: यंत्राने सांगितलं होतं, मीच थांबलो.

तात्सुएही त्यांच्यासमोर वाकली.

"आमची मेजवानी मोडू नये म्हणूनच ना?" ती म्हणाली. "आमच्यापायी तुम्हाला केवढा त्रास झाला, हिराओसान. माफ करा."