जास्तीचा तुकडा

रुईझीच्या सुरीला गल्लीत मान होता. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला त्या गावात घरोघरी परातीएवढी चंद्रपोळी भाजतात, आत गूळ, अक्रोड आणि तीळ ठासून भरलेले. चंद्राला दाखवून झाली की घरात जितकी माणसं तितकेच तुकडे करायचे, सगळे सारखे. चार किंवा आठ तुकडे कोणीही करील. पाच, सात करायचे म्हटलं की भल्याभल्यांची भंबेरी उडते आणि मग भावाभावांत तुझा मोठा की माझा मोठा सुरू होतं. रुईझी मात्र ज्वारीची काडी पोळीवर आडवी धरायची, एक डोळा मिटायची आणि सुरी अशी फिरवायची की शेजारणी आपल्या पोळ्या घेऊन तिच्या दाराशी यायच्या. तिलाही ते आवडायचं. वरवर कुरकुरायची, पण सुरीला धार मात्र दोन दिवस आधीच लावून ठेवायची.

ही सुरी तिच्या सासूची. सासू म्हणजे सुकलेली मिरची होती. रुईझी लग्न होऊन आली त्या पहिल्याच पौर्णिमेला सासूने सुरी तिच्या हातात दिली आणि सगळं घर बघत बसलं. भीतीने नवी सून मोजायलाच चुकली आणि एक तुकडा जास्तीचा झाला. तिला वाटलं, झाकून ठेवू, सकाळी खाईल कोणीतरी. सासूचा चेहरा पांढराफटक पडला. धनी नसलेला तुकडा घरात राहिला तर तो घरातल्याच एखाद्याला ओढून नेतो, ही त्या घराची पक्की समजूत. तो त्याच रात्री खाल्ला गेला पाहिजे, आणि तोही आपला वाटा आहे असं समजून, पाटाला पाट लावून बसलेल्या माणसाने. शेवटी सासरे पायात जोडे सरकवून रस्त्यावर गेले आणि कोळसा घेऊन चाललेल्या एका खेचरवाल्याला दंडाला धरून घेऊन आले. तो बिचारा आपलं काय चुकलं म्हणून हात जोडत आला आणि पोळी खाऊन, वर दोन प्याले दारू पिऊन, आशीर्वाद देत गेला. तिएनचू, म्हणजे रुईझीचा नवरा, तेव्हा पोट धरधरून हसला होता. सासूने मात्र पुढे मरेपर्यंत सुनेला ते ऐकवलं. त्यानंतर रुईझीचा हात कधी चुकला नाही.

मोजणी बदलायची ती माणसांच्या येण्याजाण्याने. सासरे गेले, एक तुकडा कमी झाला. मुलगी झाली, वाढला. मुलगा याओवू झाला, वाढला. पुढे याओवूची बायको चुनशिया आणि नात छोटी आली, तेव्हाही वाढले. मुलगी हुईपिंग लग्न करून गेली त्या वर्षी रुईझीला एक तुकडा कमी करावा लागला, आणि पोळी कापताना तिला रडू आलं. ते तिने धुरावर ढकललं. दिल्या लेकीने या रात्री माहेरच्या अंगणातून चंद्र बघायचा नाही, बघितला तर सासऱ्याच्या जिवावर बेततं, असं तिथे मानतात. म्हणून पौर्णिमेच्या आधी हुईपिंग माहेरी आलेली असली तरी रुईझी तिला हाताला धरून बसमध्ये बसवायची.

आणि या वर्षी वसंतात हुईपिंग ट्रंक घेऊन कायमची परत आली. मूलबाळ नव्हतं, नवऱ्याने दुसरं घर केलं, फारकत झाली. गावात असं कोणाच्या घरी झालेलं नव्हतं. तिएनचू तिला एक शब्दही वाईट बोलला नाही. पश्चिमेच्या खोलीचं छप्पर त्याने स्वतः शाकारून दिलं, शेगडी नेऊन ठेवली. पण जेवताना तो तिच्याकडे बघत नसे, आणि गल्लीत कोणी तिच्याबद्दल विचारलं तर खोकला काढत असे. हुईपिंग घरातलं निम्मं काम उरकायची आणि भाताचा वाडगा घेऊन चुलीशी बसायची. पाहुणीसारखी राहते आहे पोर, हे रुईझीला दिसत होतं आणि तिचा जीव तुटत होता.

पौर्णिमेच्या सकाळी तिने कणीक मळता मळता सहज विचारावं तसं विचारलं, "किती करू हो?"

"पाच," तिएनचू म्हणाला. "दरवर्षीसारखे. तू, मी, याओवू, चुनशिया आणि छोटी."

"आणि हुईपिंग?"

"दिलेली मुलगी या घरात मोजत नाहीत. मी नाही केला हा नियम."

"मग ज्या घरात दिली त्यांनी तर काढून टाकलं. तिने चंद्र बघायचा तरी कोणाच्या अंगणातून?"

त्यावर तिएनचूने खोकला काढला आणि तो अंगण झाडायला गेला. अंगण हुईपिंगने आधीच झाडलेलं होतं. ती खिडकीखाली शेंगा सोलत बसली होती, आणि ती खिडकी उघडीच होती.

दुपारी हुईपिंगने गोधडी खांद्यावर टाकली. खळ्यावर ज्वारी आणि मका उघड्यावर पडलाय, आज सगळे घरी येणार, मी राखणीला जाते, असं म्हणाली. याओवू म्हणाला की आजच्या रात्री चोरसुद्धा आपापल्या घरी असतात. पण बापाने मान डोलावली आणि ती गेली. सून चुनशिया दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. चुनशियाच्या मनात काय आहे ते रुईझीला कळेना. नणंद कायमची घरात आली हे कोणत्या सुनेला आवडेल? तशी चुनशिया बोलायला फटकळ, पण या बाबतीत सहा महिने गप्प होती, आणि त्या गप्प बसण्याचंच रुईझीला भय वाटायचं.

चंद्र समोरच्या कौलांवर आला तेव्हा अंगणात टेबल मांडलेलं होतं. कलिंगड कमळासारखं कापलेलं, द्राक्षं, बोरं, नासपती, आणि चंद्रावरच्या सशासाठी सोयाबीनची शेंगांसकट डहाळी. चंद्राला नमस्कार बायकांनी करायचा, पुरुषांनी नाही. त्यामुळे तिएनचू आणि याओवू आत बसून उदबत्ती संपायची वाट बघत होते. छोटीने तीनदा डोकं टेकवलं आणि एक द्राक्ष लांबवलं. चुनशियाने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग रुईझीने काडी घेतली, डोळा मिटला आणि पोळी कापली.

तिएनचू बाहेर आला, पाटावर बसला आणि नजर टाकताच म्हणाला, "हे सहा आहेत."

"हो का?" रुईझी म्हणाली. "हात चुकला. वय झालं आता."

हा हात चुकत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिएनचू तुकड्यांकडे बघत राहिला. नियम त्याच्याच घरचा, त्याच्याच आईचा, आणि रुईझीने तो बरोबर त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवला होता. त्याचा स्वतःचा बाप जोडे सरकवून रस्त्यावर गेला होता, पण तेव्हा रस्त्यावर खेचरवाले असायचे. आज शेजारीपाजारी आपापल्या पाटावर बसलेले. गावात आपल्या अंगणाबाहेर असलेलं माणूस एकच होतं.

त्याने एक पळवाट शोधली. पोटुशी बाईला दोन वाटे मिळतात, हाही नियमच. तो सुनेकडे न बघता रुईझीला म्हणाला, "चुनशियाला विचार. तिचं काही असेल तर तो तुकडा तिचा."

 हा विचार रुईझीने केलाच नव्हता. दोन आठवडे चुनशिया लोणच्याच्या बरणीभोवती घुटमळत होती, सकाळी भांडी घासताना मध्येच उठून परसात जात होती. रुईझीने ते ओळखलं होतं, विचारलं नव्हतं. आता ही नुसतं हो म्हणाली की संपलं. आणि ते खोटंही नसतं.

चुनशियाने छोटीच्या कपाळावरचे केस मागे केले. "नाही बाबा," ती म्हणाली. "तसं काहीच नाही. माझा वाटा एकच."

 तिएनचू उठला, त्याने पायात जोडे सरकवले आणि तो बाहेर पडला.

खळ्याकडे जायला एक ओढ्याकाठची पाऊलवाट आहे, तिथून जावं म्हणजे कोणाला दिसत नाही. आणि दुसरी वाट भर गल्लीतून, जिथे आज प्रत्येक दारात माणसं बसली होती. रुईझी कान देऊन बसली. टेबलावर मांडलेला चहा गार झाला. मग गल्लीच्या टोकाकडून तो ओळखीचा खोकला आला, आणि कोणीतरी विचारलं की तिएनचूदादा, एवढ्या रात्री कुठून?

"पोरीला आणायला गेलो होतो," तिएनचूचा आवाज आला. "पोळी खायची राहिली होती ना."

पुढच्या दारातही त्याला तेच विचारलं, आणि त्याने तेच सांगितलं. त्याच्याही पुढच्या दारात त्याला कोणी विचारलं नाही, तरी त्याने सांगितलं. रुईझीने पीठ लागलेल्या बाहीने डोळे पुसले आणि गालावर पिठाचे पट्टे ओढून घेतले. हुईपिंग आत आली तेव्हा तिच्या केसांत ज्वारीचा भुसा होता. ती चुलीकडे वळत होती, पण छोटीने तिचा हात धरून तिला पाटावर ओढलं. तिएनचूने स्वतः तुकडा उचलून मुलीच्या वाडग्यात ठेवला आणि पिकाला नावं ठेवायला सुरुवात केली. ज्वारी यंदा बारीकच आहे म्हणाला.

सगळे खात होते तेव्हा रुईझीने आपल्या तुकड्याचे दोन भाग केले आणि अर्धा हळूच चुनशियाच्या हातात कोंबला.

"खा. दोघांचं आहे."

चुनशिया चपापली. सासूने कधी ओळखलं हे तिला समजेना. डोळे भरून आले तसे तिने मान खाली घातली आणि तोंडात घास असतानाच कुजबुजली, "चंद्रासमोर खोटं बोलले हो आई. काही होणार नाही ना?"

"चंद्राला मोजता येतं," रुईझी म्हणाली. "खा तू."

चुनशियाने घास गिळला. पलीकडे हुईपिंग छोटीला शेंग सोलून देत होती. तिच्याकडे बघत चुनशिया म्हणाली, "मग पुढच्या वर्षी सात करा."