माझं रान आणि बायकोचे मामा

ताटातल्या पदार्थाचं शेवटी काय होतं, याचा विचार जेवताना करणारा सबंध कोल्हापुरात एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा मंगळवार पेठेत राहायचे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बिस्किटाचा पुडा हातात आला की आधी चष्मा पुसून मागची बारीक अक्षरं वाचायचे. तोवर चहा निवायचा आणि मामी तापायच्या. एका लग्नात तर भर पंगतीतून उठून ते आचाऱ्याकडे गेले. "जिलेबीला एवढा रंग कशाला रं? उद्या ह्यो गटारात जाणार, तितनं गाळात, आन् गाळ कुणाच्या तरी रानात." आजूबाजूच्या पानांवरची जिलेबी तशीच राहिली. मुलीच्या वडिलांनी पुढे बरेच दिवस आमच्याशी बोलणं टाकलं.

तो गाळ एकदा माझ्याच रानात येऊ घातला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडिलांमागे उचगावची दीड एकर माझ्याकडे आली होती. मी बँकेत कारकून, शेतीतलं काही कळत नव्हतं. पण वडिलांनी दगड वेचून वेचून केलेली ती जमीन आपल्या हातून बिघडू नये, ही धास्ती मात्र होती. शहराच्या मैलापाण्याचा वाळवलेला गाळ खत म्हणून फुकट मिळतोय असं कळलं आणि मी ट्रॉली ठरवली. मामांनी घमेलंभर गाळ आधी घरी नेला. दिवाणखान्यात पत्र्याचा ट्रे मांडला. एकीकडे माझ्या रानातली माती, दुसरीकडे तीच माती गाळ कालवून, आणि मधोमध गांडुळं सोडली. येणाऱ्याजाणाऱ्याला चपला काढायच्या आत ट्रेपाशी नेऊन विचारलं जाई, "कुणीकडं चालल्यात वाटतंय?" मामींनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. शेवटी सगळी गांडुळं साध्या मातीत जाऊन बसली.

"पण मामा, माणसांनीच खाल्लेलं आहे ना ते?" मी म्हणालो.

"म्हणून तर, पावणं. माणसं काय खात्यात बघताय न्हवं? रंग, टिकायची औषधं, गोडाचे अर्क. त्यात इख हाय असं मी म्हणत न्हाय. मातीत त्याचं काय हुतंय ते मला ठावं न्हाय. आन् ठावं न्हाय ते तुमच्या रानात पडू देणार न्हाय."

ट्रॉली परत गेली. गाळ घेतलेल्या शेजाऱ्याचा ऊस त्या साली माझ्या उसापेक्षा हातभर उंच आला आणि मी घरात धुसफुसत राहिलो. काही वर्षांनी त्याच्या रानात पाणी मुरेनासं झालं. कशामुळे, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. माझी माती अजून हाताला भुसभुशीत लागते. हे मामांचे उपकार आहेत, आणि ते मी चारचौघांत सांगतो.

उतारवयात मामांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर तोडली, तेव्हा माझ्या बायकोनं चहात टाकायच्या बिनसाखरेच्या गोड गोळ्यांची डबी नेऊन दिली. मामांनी ती न उघडताच परत केली. "ह्या अंगात जिरत न्हाईत गं. जशाच्या तशा भाईर पडत्यात."

मग शेवटपर्यंत ते बिनसाखरेचा चहा प्यायले, दर घोटाला तोंड वाकडं करून. कुणाच्या रानासाठी, ते त्यांना माहीत नव्हतं. त्या रानवाल्यालाही मामा माहीत नाहीत. म्हणून त्याच्या वाटणीची आठवणही आता मीच काढतो.